शंभर ईसीजींची वही

२ सप्टेंबर, सोमवार

कोर्स सुरू. ईसीजी टेक्निशियन, सहा महिने, नोएडा. त्यानिमित्ताने रोजनिशीही सुरू. रोज एक पान, खंड नाही.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. वय चोवीस. मेकॅनिकलचा डिप्लोमा दीड वर्ष (मास्तर धड नव्हते). गोव्यात स्कूबावाल्यांकडे चार महिने (पाणी सूट झालं नाही). मनालीत कॅफे, मग बीरला पॅराग्लायडिंगवाल्यांचं ऑफिस. लोक याला भटकणं म्हणतात. मी एक्सपोजर म्हणतो. सांगलीला बाबा दोन वर्षं माझ्याशी फोनवर बोललेले नाहीत. आई बोलते, पण रडते, म्हणून तिकडचे फोन मृणालताईच घेते. मी सध्या ताईकडे. लक्ष्मीबाई नगर, सरकारी क्वार्टर, बाल्कनीला काचा लावून केलेली खोली. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात फ्रीज, असं भावोजी पहिल्याच दिवशी हसत म्हणाले होते. त्यांचं हसणं मला कळतं.

काल जेवताना ताई त्यांना म्हणाली, शार्दूलसाठी मी शेवटचा शब्द टाकतेय. यानंतर टाकणार नाही. श्रीपाद भावोजी मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. ते म्हणाले, नोटेड. घरात, वरणभात खाताना, नोटेड. सर्टिफिकेट आलं नाही तर मार्चमध्ये मी सांगलीला, काकांच्या हळदीच्या गोदामात. असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

बघतीलच.

५ सप्टेंबर

पांढरा कोट शिवायला टाकला. खिशावर नाव, निळ्या धाग्याने. स्टेथोस्कोपही घेतला. वर्गात दुसरी एकच मराठी मुलगी आहे, अर्पिता. वडील सुभेदार, कॅन्टोन्मेंटमध्ये राहतात. ती म्हणाली, ईसीजीवाल्याला ये कशाला लागतो? मी म्हटलं, लागेल तेव्हा तू मागायला येशील. ती म्हणाली, बिल्कुल. जन्मापासून दिल्लीत, मराठी असं की बरगडी शब्द माहीत नाही, पसली म्हणते. मी तिला बरगडी शिकवला. तिने मला चौथी कुठली ते मोजून दाखवलं. फिट्टंफाट.

१२ सप्टेंबर

सोपं आहे. छातीवर चिकटणारे सहा रबरी बल्ब, हातापायांना चार क्लिपा. लाल उजवा हात, पिवळा डावा. डावा म्हणजे पेशंटचा डावा, आपला नाही. एवढ्यावर सरांनी चाळीस मिनिटं घेतली. मला एका मिनिटात समजलं, म्हणून खाली मोमो खाऊन आलो. परत आलो तर मशीनची बाकीची बटणं शिकवून झाली होती. लोकांना थांबायचं सौजन्य नाही.

१९ सप्टेंबर

आजचा धडा: ईसीजी वाचणं डॉक्टरचं काम. टेक्निशियनने पेशंटला काही बोलायचं नाही. पण नॉर्मल कसं दिसतं ते डोळ्यांत इतकं बसलं पाहिजे की वेगळं दिसलं तर तिथल्या तिथे डॉक्टरला हाक मारता आली पाहिजे.

मला नजर आहे हे माझ्या आजच लक्षात आलं. सर पट्ट्या दाखवत होते, मला सगळ्यांत डोंगर दिसत होते. ट्रेकिंगचा फायदा. ईसीजीचं पुस्तक डाउनलोड केलं, तीनशे बारा पानं. रोज दहा पानं, महिन्यात खलास. आज कव्हर बघितलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

हॉस्पिटल सुरू. सिनियर टेक्निशियन रावतजी, मूळ गढवाल, बावीस वर्षं याच खोलीत. माणूस पेशंटला हात लावण्याआधी स्वतःचे हात चोळून गरम करतो. मला म्हणाले, पेशंट ठंड से काँपेगा तो काग़ज़ भी काँपेगा. बरं.

त्यांचा एक नियम आहे. पट्टी मशीनमधून बाहेर आली की पहिलं काम, तिच्यावर पेनाने नाव, वय, वेळ. क्लिपा नंतर काढायच्या. पेशंट पडून राहिला तरी चालेल, काग़ज़ बेनाम नहीं रहना चाहिए. मला हे मागासलेलं वाटतं. पट्ट्या खिशात साठवायच्या आणि शेवटी बसून एकदम सगळ्यांवर सुवाच्य अक्षरात नावं घालायची. वेळ वाचतो. मॅनेजमेंट म्हणतात याला.

मुख्य गोष्ट: प्रत्येकाला एक वही. स्वतः काढलेले शंभर ईसीजी चिकटवायचे, प्रत्येकाखाली रावतजींची सही. मुदत ३१ जानेवारी. शंभर नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही, परीक्षा नाही तर सर्टिफिकेट नाही. चार महिन्यांत शंभर. दिवसाला एकही पुरे. लाज वाटावी इतकं कमी.

४ ऑक्टोबर

वही: ६. अर्पिता: १९. ती सकाळी आठला येते. मशीन आठला गरम असतं का नसतं, मला शंका आहे.

माझा उशीर मेट्रोमुळे. दिल्ली हाटपासून मयूर विहार, तिथे बदला, मग नोएडा. दिल्ली हाटला स्टेशनाच्या तोंडाशीच मेळे लागतात, यात माझा काय दोष? आज नागालँडवाल्यांचं काहीतरी होतं. तिथल्या एका माणसाशी बांबूच्या लोणच्याचा बिझनेस या विषयावर चांगली दोन तास चर्चा झाली. त्याचा नंबर घेतला. स्कोप आहे.

११ ऑक्टोबर

बीरचा एक मित्र भेटला, ऋषिकेशला चाललाय. दसरा, शनिवार, रविवार. सोमवारी हजर.

२१ ऑक्टोबर

परत आलो. सोमवार आहे हे बरोबर, पुढचा आहे एवढंच. वरच्या मंदिराच्या चढावर एकदम छातीत मिक्सर सुरू झाल्यासारखं झालं. दहा मिनिटं धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मग बटण बंद केल्यासारखं बंद. मित्र घाबरला. मी त्याला समजावलं की हाय अल्टिट्यूड आहे, माझा यात अभ्यास आहे. तो म्हणाला, ऋषिकेश कसलं अल्टिट्यूड? तो कॉमर्सचा आहे.

ताईने घरी भावोजींना सांगितलं होतं की हॉस्पिटलने कॅम्पला पाठवलंय. मला दारातच म्हणाली, तुझ्यापायी मी किती प्रकारचं खोटं बोलायचं ते एकदा ठरव, म्हणजे मी लिहून ठेवते. विनोद म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

पुस्तक: पान ४.

१८ नोव्हेंबर, सोमवार

हवा इतकी घाण की समोरचा ब्लॉक दिसत नाही. अशा हवेत बाहेर पडू नका असं सरकारच सांगतंय. भावोजी स्वतः सरकार, पण मास्क लावून गेले. जाताना बाल्कनीच्या काचेवर टकटक केली. मी वाचत असल्याचं दाखवलं. फोन होता हातात.

वही: १४. अर्पिता: ७४. तिच्यासारखी मजुरी मला जमणार नाही. मी क्वालिटीवाला.

२४ नोव्हेंबर, रविवार

ताईने पोहे देताना विचारलं, किती झाले? मी म्हटलं, सत्तर. का म्हटलं माहीत नाही. तोंडातून राउंड फिगर आली.

तिने पोह्यांचा डाव हातात असतानाच सांगलीला फोन लावला. आईला म्हणाली, सत्तर झाले, शंभरातले. आणि मग मागून बाबांचा आवाज आला. किती म्हणाली? ताई म्हणाली, सत्तर, बाबा. ते म्हणाले, हं.

दोन वर्षांनी एक हं. ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून उभी राहिली. बायकांना पाण्याची किंमत नाही.

२ डिसेंबर

वही: १७. दिवस उरले साठ. घाबरण्याचं कारण नाही. उद्यापासून सातला निघणार.

३ डिसेंबर

थंडी.

९ डिसेंबर, सोमवार

वही: १९. रावतजींना मी स्पष्ट बोललो की पेशंट जास्त अर्पिताला मिळतात. ते म्हणाले, बेटा, पेशंट उसको मिलता है जो कमरे में होता है. टोमणा होता. नोंद घेतली.

११ डिसेंबर

प्रश्न सुटला. उपाय इतका सोपा की आधी कुणाला का सुचला नसेल याचं आश्चर्य वाटतं.

रावतजी दीड ते सव्वादोन जेवायला जातात. अर्पिता डबा घेऊन गच्चीवर. खोली रिकामी, मशीन रिकामं, टेबल रिकामं. मी झोपलो, स्वतःला क्लिपा लावल्या, बल्ब लावले, बटण दाबलं. निघाली पट्टी. उठून पेनाने लिहिलं: विक्रांत, वय ५२.

यात खोटं काय? ईसीजी खरा, मशीन खरं, काढणारा मीच, स्वतःच्या हाताने. वहीत अट अशी आहे की शंभर ईसीजी विद्यार्थ्याने काढलेले असावेत. शंभर छात्या असाव्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. मी नियम दोनदा वाचला.

१३ डिसेंबर

रोज पाच. शालिनी, वय ३८. अंशुमन, वय १९. कौशल्या, वय ७१, गुडघे दुखतात (हे मी माझ्याकडून घातलं, माणूस उभा राहतो). वेगवेगळे वाटावेत म्हणून काही पट्ट्या तीन मजले चढून येऊन काढतो. उलट, एवढे कष्ट कुणी घेत नसेल.

एक अडचण आहे. पट्टीच्या शेवटी मशीन स्वतःचं मत छापतं, बारीक इंग्रजीत. माझ्या प्रत्येक पट्टीवर तेच, अबनॉर्मल, आणि पुढे तीन अक्षरं. मशीन जुनं झालंय. सर्व्हिसिंगचं रावतजींना सांगायला हवं, पण मग ते विचारतील कधी बघितलंस. म्हणून मी शेवटचा तुकडा कात्रीने कापतो. सगळ्याच पट्ट्यांचा, म्हणजे एकसारख्या दिसतात. तसंही मशीनच्या मतावर चालणारा टेक्निशियन घडत नसतो. नजर लागते.

२० डिसेंबर

वही: ५१. रावतजी आता आठवड्याला एकदम सह्या करतात. चष्मा डोक्यावर, चहा हातात, भराभर. आज पाठीवर थाप मारून म्हणाले, अब लाइन पे आया है. मी पाया पडलो. त्यांना आवडतं.

अर्पिताने वही चाळली. एका पानावर थांबली, मग दुसऱ्या. म्हणाली, तुझे सगळे पेशंट एक जैसे का दिसतात? मी म्हटलं, हात बसला की सफाई येते. ती म्हणाली, सफाई नाही यार, ये सुरुवातीचा चढाव बघ, तिरछा आहे. मी वही बंद केली. मत्सर फार वाईट.

आज दुपारी पुन्हा मिक्सर. जिना चढल्यावर, सात-आठ मिनिटं. अर्पिता समोर होती. मला शंका येते की मी तिच्या प्रेमात पडतोय. शरीर आधी सांगतं.

८ जानेवारी, बुधवार

धुकं. दोन तास उशीर, आज खरंच मेट्रोमुळे.

एक आजी आल्या, ठकूबाई, वय ६८. मुलगा हवालदार म्हणून रिटायर झाला, आता नोएडात सिक्युरिटी सुपरवायझर. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्याआधी ईसीजी हवा. क्लिपा बघून म्हणाल्या, करंट देतो का काय रं मला? मी म्हटलं, आजी, हे तुमचा करंट बघतंय. त्या म्हणाल्या, बया, ह्यो मराठी हाय. मग गाव विचारलं, जात विचारली, लग्न विचारलं, पगार विचारला. सांगली म्हटल्यावर हात धरूनच बसल्या, हात हलल्यामुळे पहिली पट्टी फुकट गेली. दुसरी छान आली, आरशासारखी स्वच्छ. म्हणाल्या, डोळं आलं की नातवाचं तोंड नीट बघीन, आत्ता नुसता आवाज वळखते.

महिन्यातला माझा एकमेव मनापासून काढलेला ईसीजी. पट्टी कोटाच्या खिशात ठेवली, दुपारच्या माझ्या पाचांबरोबर. संध्याकाळी बसून सहाही कापल्या, नावं घातली. एक ठकूबाईंच्या फाइलला, पाच वहीत. अक्षर सुरेख आलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

शंभर.

वही जमा केली. इन्स्टिट्यूटची क्लार्क म्हणाली, नीट ठेवलीय वही. घरी ताईने शिरा केला. भावोजींनी वाटी हातात घेऊन माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, गुड. एवढंच. पण नोटेडपेक्षा वरचं आहे.

ताईने परीक्षेसाठी बाल्कनीत टेबल आणून ठेवलं. स्वतःचं, शिवणाचं.

पुस्तक: पान ९. पण आता गरज काय?

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी बातमी. अर्पिता म्हणाली, त्या ठकूबाई आजींचं ऑपरेशन थांबवलं. ईसीजीत काहीतरी सापडलं. हार्टच्या डॉक्टर देविका मॅडम स्वतः बघतायत.

मी दोन मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिलो. तो ईसीजी माझा. मी काढलेला. दुसऱ्या कुणी काढला असता, हलवला असता, घाईत उरकला असता तर सापडलंच नसतं. आजी डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये टेबलावरच गेल्या असत्या. म्हणजे सरळ हिशोब आहे, मी एक माणूस वाचवला. तोही परीक्षेच्या आधी.

घरी सांगितलं. ताईने हातातली कणीक तशीच ठेवून सांगलीला फोन लावला. आणि बाबा फोनवर आले. ताईशी नव्हे, माझ्याशी. म्हणाले, त्या बाईंना आधी काही त्रास होता का? मी म्हटलं, नाही बाबा, लपलेला होता. ते म्हणाले, मग नजर पाहिजे. मी म्हटलं, ती आहे. ते म्हणाले, तब्येत सांभाळ.

चाळीस सेकंद. कॉल लॉगमध्ये आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

रावतजी म्हणाले, देविका मॅडमने बुलाया है कल. जिसने वो ईसीजी निकाला था. आणि इन्स्टिट्यूटमधून माझी वहीही मागवून घेतलीय.

वही कशाला? बाकीची कामगिरी बघायला. नोकरी इथेच देतील असं दिसतंय. कोट इस्त्रीला दिला. ताईला म्हटलं, उद्या भावोजींना घरी लवकर यायला सांग. इंग्रजीत चार वाक्यं तयार केली. शेवटचं: मी फक्त माझं काम केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

खोलीत देविका मॅडम, रावतजी, अर्पिता. टेबलावर वही उघडी. मॅडम म्हणाल्या, ठकूबाईंचा ईसीजी अर्पिताने पुन्हा काढला, दोनदा. दोन्ही साफ. तर मग फाइलमधला हा कुणाचा? त्या दिवशी या खोलीत कोण कोण आलं होतं ते बघायला वही मागवली.

मग पेनाचं टोक ठेवत गेल्या. लाट उठते तिथे सुरुवातीला एक तिरका चढाव आहे, सरळ उठायला हवी. ठकूबाईंच्या फाइलमध्ये तो चढाव. पान वीस, विक्रांत, तोच चढाव. शालिनी, तोच. अंशुमन, तोच. कौशल्या, तोच. पानं उलटत गेल्या. अडुसष्ट पानं. सुरुवातीचे आणि अध्येमध्ये काही खरे, ते वेगळे. आणि एक अगदी स्वच्छ, त्यावर माझ्या सुरेख अक्षरात नीरजा, वय ४४. ती ठकूबाईंची पट्टी.

मॅडम म्हणाल्या, इन सब में आप कौन हैं?

मी इंग्रजीतलं पहिलं वाक्य म्हटलं. त्यांनी हात वर केला. शर्ट काढून टेबलावर झोपायला सांगितलं. अर्पिताने क्लिपा लावल्या. सगळं बरोबर जागी होतं. पट्टी आली. मॅडमनी ती वहीच्या पानाशेजारी धरली.

जन्मापासून हृदयात विजेला एक जास्तीचा रस्ता आहे म्हणे. त्यावरून कधी करंट भलतीकडे पळतो आणि धडधड सुटते. होते का? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, ऋषिकेशला झाली होती. मग जिन्याचंही सांगितलं. अर्पिता खाली बघत होती. मॅडम म्हणाल्या, ऐसे में कभी-कभी आदमी गिरता है और उठता नहीं. मांडीच्या शिरेतून वायर घालून तो रस्ता जाळतात, मोठ्या हॉस्पिटलात, लवकर. मशीन पट्टीवर छापतं ना? मी म्हटलं, तो तुकडा मी कापायचो.

रावतजींनी वही उचलली. एकेक पान बघितलं. आपल्या सह्या बघत होते. चष्मा या वेळी डोळ्यांवर होता.

१२ फेब्रुवारी

काही मुद्दे.

एक, सही करणाऱ्याने बघून सही करायला पाहिजे. दोन, शंभर हा आकडाच अवाजवी आहे. तीन, अर्पिताला डिसेंबरमध्ये दिसलं होतं तर तिने जोर का धरला नाही?

चार सुचत नाही.

इन्स्टिट्यूटचा मेल आला. नाव कमी केलंय. परीक्षा नाही, परत प्रवेशही नाही. रावतजींना हॉस्पिटलने लेखी जाब विचारलाय. बावीस वर्षांत पहिला. फोन केला, त्यांनी उचलला. म्हणाले, बेटा, इलाज करा ले. बाकी कुछ मत बोल. मी बोलणार होतो. त्यांनी ठेवला.

१३ फेब्रुवारी

कोट परत करायला गेलो. तो माझाच होता, माझ्या मापाचा, नावासकट. तरी नेला. क्लार्क म्हणाली, इसका हम क्या करें? परत आणला.

वाटेत हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर ठकूबाई. ऑपरेशन आता होळीनंतर. मुलाने काढलेली रजा वाया गेली, परत मिळते की नाही बघायचं. मी आजी म्हटलं, तर आवाजावरून ओळखलं. म्हणाल्या, सांगलीचा का रं? तुजं दुखणं माज्या कागदावर आलं व्हय? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, आठ दिस मी मरायची वाट बघत बसले हुते. गळ्यातलं काढून सुनंला दिलं. पोराला सांगितलं, मला गावाकडं न्या, हितं जाळू नका. आता सुनंकडनं माळ परत मागायची मला लाज वाटती बघ.

मी सॉरी म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून हात पुढे केला, तो बाकाच्या दांडीवर गेला. दिसत नव्हतं. मी खांदा तिकडे न्यायला पाहिजे होता. पण मुलगा समोरून येत होता. मी निघालो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला सगळं सांगितलं. म्हणजे हार्टचं सांगितलं. वहीचं भावोजींनी माझ्या फोनमधल्या मेलवरून वाचून दाखवलं, परिच्छेदवार.

मला वाटलं ती ओरडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने फक्त विचारलं, अडुसष्ट वेळा तू स्वतःचं हृदय छापून हातात घेतलंस, डिंक लावून चिकटवलंस. एकदाही बघितलं नाहीस?

मी म्हटलं, वाचणं डॉक्टरचं काम.

ती उठून गेली. भावोजी म्हणाले, मार्चचं सांगलीचं पोस्टपोन. प्रोसिजर आधी. म्हणजे हळदीच्या गोदामातून मी सुटलो, तेही माझ्याच हृदयामुळे. असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

बाबांना कुणी कळवायचं ते ठरलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोठं हॉस्पिटल. भावोजींनी अर्धी रजा टाकून गाडीने आणलं. रस्ताभर रेडिओ बंद. उतरताना मला म्हणाले, स्वेटर घाल. आत एसी असतो.

खिडकीपाशी ताईने फॉर्म भरला. नाव. वय. पत्ता, तो तिचाच. पेशंटशी नातं, बहीण. व्यवसायाच्या रकान्यावर पेन थांबलं. मी मागून म्हटलं, स्टुडंट लिही. ती म्हणाली, कशाचा?

मागे रांग होती. खिडकीतला माणूस म्हणाला, मैडम, ज़रा जल्दी. ताई माझ्याकडे बघत होती. मला खरंच वाटलं होतं की तिला काही सुचेल, तिला नेहमी सुचतं. कॅम्प सुचला होता.

तिने रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि कागद आत सरकवला.